वाळूत नोको

उपासना संपली तरी भांडण काही संपेना.

आमचं चर्च म्हणजे चार भिंती आणि वर टिनं. फाल्गुनाचं ऊन टिनावर चढलं होतं आणि खाली रुईखेडीची आमची मंडळी, म्हातारेकोतारे धरून आठ-दहा घरांची माणसं, सतरंजीवर बसून एकमेकांवर खेकसत होती. भांडणाला कारण अमोल. अमोल आमच्यातला शिकलेला पोरगा, अकोटाच्या जिनिंगात वजनकाट्यावर कामाला. पाळकसाहेब अकोल्याहून महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी उपासना तोच चालवतो. आदल्या दिवशी तो अकोल्याला, जठारपेठेतल्या एका हॉलात, सगळ्या मंडळ्यांच्या सभेला जाऊन आला होता.

“तथी सगळ्यायनं मेळघाटातलं एकएक गाव घेतलं,” अमोल सांगत होता. “जाऊन सेवा कराची. आजारी मानसं पाहाची, पोट्ट्यायले शिकवाचं, प्रभूचं वचन सांगाचं. मले विचारलं, रुईखेडीचं काय? मंग मी उभा राहून सांगतलं, आमी बी घेऊ.”

“काय घेऊ?” सूर्यभाननं विचारलं.

“गाव.”

“गाव काय टोपल्यात येते काय रे? डोक्शावर घेतलं अन् आनलं!”

माणसं हसली. सूर्यभान मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या पंचांतला. उंच, हाडकुळा माणूस. साठी कधीच ओलांडलेली. पाऊण एकर काळ्या रानात कपाशी लावायचा आणि बाकीचा वेळ कोणाशी ना कोणाशी वाद घालायचा. पण चर्चची किल्ली त्याच्याकडे होती आणि टिन उडालं की शिडीवर तोच चढायचा.

“पावसाळ्यात पाळकाच्या डोक्शावर छत्री धरा लागते इथं,” तो म्हणाला. “पेटीचा भाता फाटला. अन् तू मेळघाट घेऊन आला! त्या अकोलेवाल्यायजवळ गाड्या हायेत, डाक्टर हायेत. तुह्याजवळ काय हाय?”

“विश्वास हाय, काका.”

“विश्वासावर जीप चालते काय?”

अमोलचं तोंड एवढंसं झालं. बायांच्या बाजूनं शकुन उठली. शकुन म्हणजे सूर्यभानची बायको. बोलणं कमी, काम फार. सतरंजीचं टोक गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “घाट चढून धारनीले कायले जाता? मेळघाट तं नाल्यात येऊन बसला ना.”

खरंच होतं. हरभऱ्याच्या सोंगणीसाठी शेषराव पाटलानं मुकादमाकरवी कोरकू मजूर आणले होते. गावाबाहेर नाल्याच्या काठी त्यांची पालं पडली होती. काठ्या आणि ताडपत्र्या. रोज पाहत होतो आम्ही. दरसाल येतात, हरभरा, गहू सोंगतात, जातात. ती माणसं म्हणजे मेळघाट, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“त्यायच्यात एक पोटुशी हाय,” शकुन म्हणाली. “तिचे पाय पाह्यले मी. सुजून खांब झाले.”

“मंग?” सूर्यभान म्हणाला.

“मंग काय? मी जातो संध्याकाळी जवारीच्या कन्या शिजवून घेऊन. ज्याले याचं त्यानं या.”

---

पहिल्या दिवशी गेलं ते शकुन, अमोल आणि दोघी बाया. पालापुढं तीन दगडांच्या चुली धुपत होत्या. माणसं नुकती रानातून आलेली. हाताला हरभऱ्याची आंब लागून बोटं चिरलेली. आम्हाला पाहून पोरं पालात शिरली. एक बारीक चणीचा माणूस पुढं आला. तो सुकलाल कासदेकर, त्या पोटुशीचा नवरा.

“क्या चाहिए?” त्यानं विचारलं.

“काई नाई बापा. कन्या आनल्या, जवारीच्या. गरम हायेत.”

“हमको कुछ नहीं चाहिए. काम है, बस.”

अमोलनं गीताचं पुस्तक काढलं होतं. शकुननं त्याच्या हातावर हात ठेवला. “ठेव ते,” ती हळूच म्हणाली. “त्यायनं गानं मांगतलं काय?” आणि ती तिथंच मातीत बसली. कण्यांचं भगुनं मध्ये ठेवून बसूनच राहिली. अंधार पडायच्या आधी एक म्हातारी आली आणि तिनं वाटी पुढं केली.

असं रोज होऊ लागलं. आमच्या घरी काय असणार? कोणी चटणी द्यायचं, कोणी ताक, कोणी वाळलेल्या बोरांची मूठ. सूर्यभान यायचा नाही. घरी बसून तो म्हणायचा, “गावाची नजर लागून हाय आपल्यावर. उद्या म्हनतीन, ख्रिश्चनायनं मजूर फोडले.” पण विहिरीचं पाणी पालापर्यंत लांब पडतं हे त्यानं पाहिलं आणि आपली कॅरियरची सायकल देऊन टाकली. “हंडा बांधा मांगं,” एवढंच बोलला.

सुकलालच्या बायकोचं नाव फुलवंती. हसली की दात पांढरे दिसायचे आणि ओठही पांढरेच. डोळ्यांखालचं कातडं ओढून शकुननं एकदा पाहिलं. रक्त म्हणून नव्हतं.

“हिले अकोटच्या दवाखान्यात ने,” तिनं सुकलालला सांगितलं. “मी संग येतो. लेकरू व्हाले टाइम नाई आता.”

“मुकादम छोडेगा नहीं. आभाल आया है, बोलता है, जल्दी काटो.”

तेही खोटं नव्हतं. सातपुड्याच्या अंगानं रोज दुपारी ढग चढायचे. हवा कोंदायची. उभा हरभरा वाळून कडंग झालेला, हात लागला की घाटे तडकायचे. शेषराव दिवसभर धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, उभा असायचा आणि आभाळाकडं पाहून सोंगणाऱ्यांवर ओरडायचा. शकुन त्याच्याकडेही गेली.

“पाटील, त्या बाईले एक दिवस सोडा.”

“मी धरली काय तिले?” शेषराव म्हणाला. “मुकादमाले विचार. अन् शकुनबाई, माह्या रानात तुमचं ते प्रार्थनेचं काई चालू करू नोका. मी कोनाच्या देवाले नावं ठेवत नाई. पन गावात बोलनं होऊन राह्यलं.”

“कन्या देतो मी, पाटील. प्रार्थना घरी करतो.”

शेषराव वाईट माणूस नव्हता. पण सालभराचं पीक रानात उभं असलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

---

एका दुपारी आभाळ उतरलंच. आधी वारा सुटला. असा, की नाल्याकाठची पालं कागदासारखी उडाली. मग बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. काळ्या मातीवर पांढरा थर चढला. गुरं सैरावैरा पळाली, पोपट झाडाखाली मरून पडले. कोरकूंची माणसं डोक्यावर घमेली धरून, पोरांना पोटाशी घेऊन नाल्यातून वर चढत होती. कुठं जावं त्यांना कळत नव्हतं. घराघरांची दारं लागलेली.

शकुननं खुंटीवरची किल्ली काढली.

“कोठी चालली?” सूर्यभान म्हणाला.

“उघडतो चर्च.”

“पंचायले न विचारता?”

“तुमी पंच ना? विचारलं तुमाले.” आणि ती डोक्यावर पाटी घेऊन गारांत निघाली.

सगळी माणसं चर्चमध्ये मावली. टिनावर गारांचा असा मार बसत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. फुलवंतीला सुकलालनं पाठीवर घेऊन आणलं. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. शकुननं पाहिलं तर ते पावसाचं पाणी नव्हतं.

अमोलनं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली, पण अकोटाच्या रस्त्यावर बाभळी आडव्या पडलेल्या आणि नाला दोन्ही काठ भरून चाललेला. ड्रायव्हर पलीकडून सांगत होता, पाणी उतरलं की येतो. आमच्या बायांनी सतरंज्यांचा आडोसा धरला. गारा थांबल्या तेव्हा आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. पोरगी झाली. आम्ही एकमेकांकडं पाहून हसलोही.

मग शकुन बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल. “अमोल,” ती म्हणाली, “पुन्हा लाव रे फोन. रगत थांबून नाई राह्यलं.”

पाणी उतरेपर्यंत दिवस मावळला. गाडी आली तेव्हा फुलवंती संपली होती. सुकलाल तिच्या उशाशी बसून तिच्या केसांतला चिखल काढत होता. गाडीतल्या नर्सनं पोरगी तपासली, म्हणाली, हिला काचेत ठेवावं लागेल, कोणी बाई सोबत चला. शकुन तशीच गाडीत बसली. मेलेल्या माणसाला त्या गाडीतून नेत नाहीत. फुलवंती चर्चमध्ये राहिली, वेदीपुढच्या जागेवर, शकुनच्या चादरीखाली.

---

सकाळी प्रश्न उभा राहिला, हिला न्यायचं कुठं.

सुकलालचं गाव धारणीच्याही पलीकडे. घाटाचा रस्ता झाडं पडून बंद होता. मुकादमाचा फोन लागेना. अकोटाहून मुडदा न्यायला गाडीवाला तयार होईना. गावच्या स्मशानाची गोष्ट निघाली तर चार जाणते म्हणाले, “आपल्या इथं जाळतात. ते लोक पुरतात. आपल्या स्मशानात कोनी पुरलं नाई आजवर.” त्यांच्या परीनं तेही बरोबर होतं. पण गावात तोवर दुसरीच हवा पसरली होती. बाई चर्चमध्ये मेली म्हणजे तिला आधी बाटवली असणार.

मग सगळ्यांची नजर आमच्या कबरस्तानाकडं वळली.

ते म्हणजे शेषरावच्या रानाला लागून पडीताचा एक तुकडा. शेषरावच्या आज्यानं आमच्या आज्यांना दिलेला, नुसत्या शब्दावर. सरकारदप्तरी काही नाही. जायची वाटही त्याच्याच धुऱ्यावरून. आणि एक अट होती, ती शेषराव दर दोन-चार वर्षांनी आठवण करून द्यायचा: रुईखेडीचा ख्रिस्ती माणूस असेल तरच. बाहेरचा आणायचा नाही.

तो त्या सकाळी चर्चच्या दाराशी आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. त्याचा हरभरा जमिनीत गेला होता, सगळा.

“सूर्यभान,” तो म्हणाला, “माहं काय झालं ते मी सांगत नाई, तू पाह्यलं. पन माह्या धुऱ्यावरून बाहेरचं मढं नेलं तर वाट बंद. मंग तुमचं बी कोनी मेलं तरी बंद. माह्या आज्याचा शब्द तेवढाच होता.”

“नाई नेत, पाटील,” सूर्यभान म्हणाला.

अमोल भडकला. “काका! काहून नाई नेत?”

“तू गप राह्य. तुहा बाप हाय तथी पुरलेला. उद्या तुही माय मरन. तिले कोठी नेशील? डोक्शावर घेऊन फिरशील?”

“प्रभू असता तं त्यानं काय केलं असतं?”

“प्रभूले धुऱ्यावरून जा लागत नाई रे लेका! आपल्याले जा लागते.”

अमोलनं पाळकसाहेबांना फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाला, “साहेब म्हनतात, कमिटीले विचारल्याशिवाय काई करू नोका. दिवस खराब हायेत. मंडळीवर केस होईन.” मग फोन खिशात टाकत म्हणाला, “त्यायच्यासाठी प्रार्थना करतो म्हने.”

आमच्यातल्या निम्म्यांना सूर्यभानचं पटत होतं आणि पटत होतं म्हणून मान वर होत नव्हती.

एवढं सगळं बोलणं चाललं होतं ते सुकलालला आणि त्याच्या माणसांना कळत होतं. ते मधे पडले नाहीत. त्यांनी आपसांत दोन शब्द बोलून घेतले, फुलवंतीला चादरीसकट उचललं आणि नाल्याकडं निघाले. आम्ही पाहत राहिलो. पाणी ओसरलेल्या नाल्यात, ओल्या वाळूवर त्यांनी तिला ठेवलं आणि खणायला लागले. टिकास नाही, पावडं नाही. सोंगणीचे इळे आणि हात. वाळू काढायचे की बाजूची वाळू आत यायची. वरच्या काठावर गावची कुत्री येऊन बसली होती, जीभ काढून.

सूर्यभान चर्चच्या पायरीवर उभा होता. मग तो घराकडं गेला. आम्हाला वाटलं, गेला दार लावून बसायला. तर तो टिकास आणि पावडं खांद्यावर टाकून परत आला आणि तरातरा नाल्यात उतरला.

“वाळूत नोको रे बापा,” तो सुकलालला म्हणाला. “कुत्रे उकरतीन. उचल तिले.”

सुकलाल त्याच्याकडं नुसता पाहत राहिला.

“उचल म्हनतो ना! माह्या मागून या.”

ते धुऱ्यावरून निघाले तेव्हा शेषराव वाटेत उभा होता. सूर्यभान त्याच्यापुढं थांबला. दोघं एकाच वयाचे, एकाच शाळेत गेलेले.

“पाटील, बंद कर वाट. उद्यापासून कर. आज बाजूले हो.”

“पस्तावशील, सूर्यभान.”

“पस्तावीन.”

शेषराव बाजूला झाला. फुलवंती समोरून गेली तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तेही आम्ही पाहिलं.

काळी माती गारांच्या पाण्यानं चिकट झाली होती, टिकास मारलं की सुटत नव्हतं. आमचे पुरुष आणि त्यांचे पुरुष पाळीपाळीनं खणत होते. खड्डा झाला तेव्हा अमोलनं पवित्र शास्त्र उघडलं. सुकलाल पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, “भाऊ, बुरा मत मानो. हमारे में जैसा करते, वैसा करने दो.”

अमोलनं सूर्यभानकडं पाहिलं.

“बंद कर पुस्तक,” सूर्यभान म्हणाला. “त्याची बायको हाय. त्याले करू दे.”

त्यांच्यातल्या म्हातारीनं काहीतरी पुटपुटत तांदळाचे दाणे टाकले. मग सगळ्यांनी मूठमूठ माती. आम्ही टोप्या काढून, पदर घेऊन एका बाजूला उभे होतो. एकही गीत म्हटलं नाही. आमच्या कबरस्तानात गीत न म्हणता झालेलं ते पहिलं दफन.

---

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बोरीच्या काट्या पडल्या. वाट बंद झाली ती बंदच.

आठवड्यानं पोलीस आले. कोणीतरी तक्रार केली होती. त्यांनी सुकलालला बोलावून विचारलं, “धर्म बदलला काय तुझा?” तो म्हणाला, “नहीं साहब. मेरी औरत मर गई. इन लोगों ने जगह दी.” साहेबानं ते लिहून घेतलं, चर्चच्या आत एक नजर टाकली आणि गेला. त्या महिन्यात पाळकसाहेब आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. अकोल्याहून निरोप आला की रुईखेडीच्या मंडळीनं काही दिवस शांत राहावं. आम्ही शांतच होतो.

शकुन दवाखान्यातून पोरगी घेऊन आली. पोरगी म्हणजे मुठीत मावेल एवढी. सुकलाल तिला न्यायला आला तेव्हा त्याच्या एका हातात भांड्यांचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात लेकरू कसं धरावं हे त्याला कळत नव्हतं.

“घरी कोन हाय?” शकुननं विचारलं.

“माँ है. आँख से नहीं दिखता उसको.”

शकुननं पोरगी त्याच्या हातात दिलीच नाही. आत गेली, दोन लुगडी पिशवीत टाकली आणि बाहेर येऊन सूर्यभानला म्हणाली, “मी जाऊन येतो.”

“कोठी?”

“याच्या गावाले. पोट्टी जरा सावरली का येतो.”

“अन् इथं कोन पाहाते? निंदन कोन करते? माही भाकर कोन करते?”

“मंडळी हाय ना,” शकुन म्हणाली.

तो एवढा चिडला की बसथांब्यापर्यंत सोबत गेला नाही. पण निंदणाच्या वेळी आम्ही बाया आलटूनपालटून त्याच्या रानात गेलो आणि कोणी ना कोणी त्याच्या दारात भाकर ठेवत राहिलं. तो शिव्या देत खायचा. शकुनचा अधूनमधून अमोलच्या फोनवर निरोप यायचा, कोण्या मास्तरच्या मोबाइलवरून. पोट्टी दूध घेते. पोट्टीले ताप हाय. पोट्टी हासते. मग पाऊस लागला आणि निरोप यायचे बंद झाले.

श्रावण अर्धा झाला तेव्हा सूर्यभाननं छत्री काढली. “घेऊनच येतो तिले आता,” म्हणाला. “लय झालं.”

---

पुढचं त्यानंच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, विचारल्यावर.

धारणीपर्यंत एसटी, मग जीप, मग जीप जाते तिथून पुढं गुडघाभर चिखलातून चालत. सागाच्या पानांवरून पाणी गळतंय, पुढचं माणूस दिसत नाही. सुकलालच्या घराच्या ओसरीत शकुन बसली होती. वाळली होती. मांडी रिकामी होती.

“पोट्टी कोठी?” सूर्यभाननं विचारलं.

शकुननं बोटानं मोहाच्या झाडाखालचा मातीचा उंचवटा दाखवला. “गेल्या हप्त्यात. छातीत भरलं तिच्या. रस्ता वाहून गेला होता, गाडीच नाई आली.”

सूर्यभान छत्री मिटून तिच्याजवळ बसला. सुकलालच्या आंधळ्या आईनं चाचपडत चहा आणून दिला. बराच वेळ पाऊस पडत राहिला.

“चाल मंग,” तो शेवटी म्हणाला. “ज्याच्यासाठी आलती ते तं राह्यलं नाई.”

“मी नाई येत इतक्यात.”

“काहून?”

“तिकडच्या वस्तीत, ढान्यावर, दोघीजनीचे दिवस भरले हायेत. त्यायले दवाखान्याचं भेव वाटते. कोनी हात धरला तं जातात. मी हात धरतो.”

“तू काय नर्स हायेस?”

“नाई.”

“प्रभूचं वचन सांगतेस काय यायले?”

“विचारलं तं सांगतो. अजून कोनी विचारलं नाई.”

“मंग काय उपेग तुहा इथं?” सूर्यभान ओरडला. “एक लेकरू वाचलं नाई तुह्यानं! तिकडं कबरस्तानाची वाट गेली, पाळक येत नाई, गाव बोलत नाई. काय भेटलं आपल्याले यातून?”

शकुनचे डोळे कोरडे होते. रडून झालं होतं तिचं, सूर्यभान येण्याआधीच.

सकाळी ती त्याला जीपपर्यंत पोचवायला निघाली. जीप लागलेली होती, ड्रायव्हर माणसं कोंबत होता. सूर्यभाननं पिशवी आत टाकली. एवढ्यात मागून हाका आल्या. ढाण्यावरून तिघं जण बाज खांद्यावर घेऊन चिखलातून येत होते. बाजेवर बाई होती, घोंगड्याखाली, कण्हत होती. तीन खांदे, चौथा कोपरा कलंडलेला. एक म्हातारी तो हातानं सावरायला पाहत होती आणि घसरत होती.

शकुन धावली. सूर्यभान म्हणतो, तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. “काका, बसा. निघतो मी.”

“थांब,” सूर्यभान म्हणाला. त्यानं चपला काढून जीपमध्ये टाकल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरला. बाजेच्या चौथ्या कोपऱ्याखाली त्यानं खांदा दिला. उंच माणूस, त्याच्या बाजूनं बाज वर झाली, म्हणून तो वाकून चालला. शकुन बाजूनं चालत होती, बाईचा हात हातात धरून.

ते जीपपाशी आले तेव्हा सूर्यभानच्या छातीचा भाता झाला होता. ड्रायव्हर कुरकुरला. गाडी भरली आहे, सीट खराब होईल, पुढं पूल पाण्यात आहे.

“दोघा-तिघायले उतरव,” सूर्यभान म्हणाला. “आधी मले उतरव. मी टपावर बसतो.”

“तुमची कोण आहे ही?”

सूर्यभाननं बाईकडं पाहिलं. तिचा चेहरा त्यानं कधी पाहिलेला नव्हता.

“नाव बी माईत नाई मले,” तो म्हणाला. “तू गाडी काढ.”